सेवाग्रामहून हिमालयात गेल्या अन् डोंगरातल्या लेकींची शाळा उभी केली: सरलाबेन यांची गोष्ट

सेवाग्रामचा आश्रम बघायला गेलं की मार्गदर्शक मीराबेनचं नाव हमखास सांगतो. पण याच आश्रमात आणखी एक इंग्रज बाई काही वर्षं राहून गेली. तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. उत्तराखंडात मात्र, विशेषतः कुमाऊंच्या डोंगरात, सरलाबेन म्हटलं की म्हाताऱ्या बायकांचे हात आपोआप जोडले जातात.

वर्ध्याच्या उन्हानं आणि मलेरियानं बेजार होऊन त्या हिमालयात गेल्या, थोडं बरं वाटावं म्हणून. पुढं चार दशकं त्या तिथल्याच होऊन राहिल्या.

त्यांचं मूळ नाव कॅथरीन मेरी हेलमन. जन्म ५ एप्रिल १९०१, लंडन. आई इंग्रज. वडिलांचं मूळ जर्मन-स्विस. शांततेच्या काळात याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडमध्ये जर्मन आडनाव म्हणजे शत्रू असं होऊन बसलं. सरकारनं वडिलांना नजरकैदेच्या छावणीत नेऊन ठेवलं. कॅथरीन तेव्हा शाळेत होती. मुलं-माणसं तिला टाळू लागली. हुशार असून शिष्यवृत्ती नाकारली गेली आणि शाळा लवकर सुटली. पुढं एका कचेरीत कारकुनाचं काम पदरी आलं.

मोठ्यांच्या भांडणात पोरीचं शिक्षण कसं बुडतं, हे तिला स्वतःच्या घरातच कळलं होतं.

१९२० नंतरच्या दशकात लंडनमध्ये तिची काही भारतीय विद्यार्थ्यांशी ओळख झाली. त्यांच्याकडून गांधीजींचं नाव कानावर आलं, भारतात काय चाललंय ते समजलं. आपल्याच देशाचं राज्य दुसऱ्यांच्या उरावर बसलंय, हे तिला पटलं आणि मग चैन पडेना. जानेवारी १९३२ मध्ये तिनं बोट पकडली. वय तीस. त्यानंतर इंग्लंडला ती परत कधी गेली नाही.

भारतात सुरुवातीला राजस्थानातल्या उदयपूरला विद्याभवन या शाळेत काम केलं. शाळा नवी होती, प्रयोग करणारी होती, पण शहरातली होती. कॅथरीनला खेड्यात जायचं होतं. तिथून ती गांधीजींकडं आली, म्हणजे आपल्या वर्ध्याला. एव्हाना कॅथरीनची सरला झाली होती.

सेगावची ती वर्षं

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. शेगाव नावाचं दुसरं गाव असल्यानं टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून पुढं सेगावचं सेवाग्राम झालं. जुन्या लोकांना हे ठाऊक आहेच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला देशभरातले शिक्षणातले जाणकार जमले आणि तिथून नई तालीमची सुरुवात झाली. कल्पना साधी होती. मुलानं हातानं काम करावं आणि त्या कामातूनच शिकावं. सूत कातताना गणित, शेतात माती आणि पाणी, स्वयंपाकघरात आरोग्य. पुस्तक नको असं नाही, पण नुसतं पुस्तक नको.

सरलाबेन या कामात गुंतल्या. पुढं हिमालयात त्यांनी जी शाळा काढली तिचं बियाणं वर्ध्याच्या मातीतलं आहे, हे इथं लक्षात ठेवायला हवं.

मन रमलं, पण शरीर साथ देईना. विदर्भातला मे महिना आपल्यालाच सोसत नाही, तिथं लंडनच्या बाईचं काय? त्यात वारंवार मलेरिया. शेवटी गांधीजींच्या संमतीनं त्या थंड हवेच्या कुमाऊंत, तेव्हाच्या अल्मोडा जिल्ह्यातल्या कौसानीकडं निघाल्या. हे १९४०-४१ च्या सुमाराचं. कौसानी गांधीजींना चांगलंच माहीत होतं. १९२९ मध्ये ते तिथं राहिले होते आणि गीतेवरच्या अनासक्तियोग या पुस्तकाचं काम त्यांनी तिथं पुरं केलं होतं.

कौसानीतून त्रिशूळ, नंदादेवी, पंचाचूली अशी बर्फाची शिखरं रांगेनं दिसतात. पर्यटक त्यासाठीच जातात, फोटो काढतात. गावातल्या बायकांना मात्र शिखरांकडं बघायला सवड नसते. त्यांची नजर गवत कुठं उरलंय त्याकडं असते.

सरलाबेन यांनी बघितला तो या बायकांचा दिवस. पहाटे उठून पाणी, मग गोठा, मग शेणखताचं ओझं डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा. शेतं पायऱ्यापायऱ्यांची, तळहाताएवढी. नांगर पुरुषानं धरायचा ही रीत, बाकी खुरपणी, कापणी, मळणी, लाकूडफाटा, जनावरांचा चारा सगळं बाईवर. पुरुष बरेचसे फौजेत किंवा खाली मैदानातल्या शहरात चाकरीला. घरी येणार ती मनीऑर्डर. मुलगी पाच-सहा वर्षांची झाली की धाकट्या भावाला कडेवर घेणार, आठ-नऊ वर्षांची झाली की हातात विळा घेणार. लग्न लहानपणीच. शाळा हा शब्द तिच्या वाट्याला येतच नव्हता.

१९४२: पुरुष तुरुंगात, गावं धास्तावलेली

मग आला ऑगस्ट १९४२. चले जाव म्हणताच आपल्याकडं आष्टी-चिमूरला काय झालं ते या भागातल्या घराघरात सांगितलं जातं. कुमाऊंच्या डोंगरातही त्याच दिवसांत तेच चाललं होतं. १९ ऑगस्टला देघाटला गोळीबार झाला, माणसं गेली. २५ ऑगस्टला सालम भागात गोळ्या चालल्या. ५ सप्टेंबरला सल्ट भागातल्या खुमाड गावात जमावावर गोळीबार होऊन चार जण हुतात्मा झाले. कौसानीजवळच्या चनौदा गावातल्या गांधी आश्रमाला सरकारनं टाळं ठोकलं. गावांवर सामुदायिक दंड बसवले, घरांवर जप्ती आली, कर्ते पुरुष उचलून तुरुंगात टाकले.

अशा घरांत मागं राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. शेजारी मदत करायला धजावत नव्हते, कारण मदत करणाऱ्याचंही नाव पोलिसांच्या वहीत जायचं.

सरलाबेन पायी निघाल्या. पाऊलवाटेनं, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात. कुणाचा नवरा कुठल्या तुरुंगात आहे, घरात दाणे आहेत का, पोरं आजारी आहेत का, हे बघत गावोगाव फिरल्या आणि जमेल ती मदत पोचवली. गोऱ्या सरकारला हे झोंबणारच होतं, कारण बाई त्यांच्यातलीच गोरी. कौसानी सोडायची नाही असा हुकूम निघाला. सरलाबेन यांनी तो मोडला. तुरुंगात गेल्या, सुटल्या, पुन्हा मोडला, पुन्हा गेल्या. अल्मोडा आणि लखनौच्या तुरुंगात मिळून जवळजवळ दोन वर्षं त्यांनी काढली.

या फिरतीत त्यांना एक गोष्ट दिसली आणि ती पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. घरचा पुरुष तुरुंगात गेला तरी शेत पडीक राहिलं नाही. गाय उपाशी मेली नाही. जप्तीवाल्यांसमोर बाई उभी राहिली, दंडाची सोय तिनंच केली, पोरं तिनंच जगवली. पण हीच बाई कागदावर अंगठा उठवत होती, सावकारासमोर आणि पटवाऱ्यासमोर मान खाली घालत होती. आपण कुणीच नाही, आपण फक्त ओझी वाहायची, असं तिला स्वतःलाच वाटत होतं. सरलाबेन यांना ही विसंगती सलत राहिली. एवढं बळ अंगात असून ते स्वतःला ठाऊक नसणं हीच खरी गरिबी, असं त्यांचं मत झालं. आणि त्यावरचा उपाय लहान मुलींपासूनच सुरू करावा लागेल, हेही ठरलं.

तुरुंगातून सुटल्यावर शाळा

१९४६ मध्ये कौसानीच्या टेकडीवर, चिडाच्या झाडांमध्ये, मुलींची निवासी शाळा सुरू झाली. कस्तुरबा फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान महालात कैदेत असताना वारल्या होत्या. त्यांच्या नावानं संस्था झाली, कस्तुरबा महिला उत्थान मंडळ. लोक तिला लक्ष्मी आश्रम म्हणूनच ओळखतात.

शाळा काढणं सोपं, मुली आणणं अवघड. आईबापांना काय समजवायचं? मुलगी शाळेत गेली तर गवत कोण आणणार? गाईकडं कोण बघणार? शिकून ती करणार काय, शेवटी दुसऱ्याच्याच घरी जायची. आणि शिकलेल्या पोरीला नवरा कोण देणार? हे प्रश्न आजही काही गावांत विचारले जातात, तेव्हा तर ते रास्तच वाटायचे. त्यात शाळा चालवणारी बाई परदेशी, तुरुंगात जाऊन आलेली. तिथं सगळ्या जातींच्या मुली एका पंगतीला बसणार, म्हणजे आणखी एक अडचण.

सरलाबेन यांनी इथं डोकं लढवलं. मुलींना कामातून सोडवून पुस्तकापाशी बसवायचं, असं त्यांनी केलंच नाही. गावात जी कामं, तीच आश्रमात. मुली गवत कापत, गाई सांभाळत, शेतात राबत, स्वयंपाक करत, लोकर आणि सूत कातत. सरलाबेनही त्यांच्याबरोबर भारा डोक्यावर घेत. फरक एवढाच की इथं प्रत्येक कामाला का विचारायची मुभा होती. गवत मुळापासून उपटलं तर काय होतं? झरा उन्हाळ्यात का आटतो? शेणाचं खत उघड्यावर टाकलं तर त्यातलं काय वाया जातं? हिशोब लिहायचा, बैठकीत बोलायचं, चुकलं तर मोठ्यांनाही सांगायचं.

म्हणजे ज्या विळ्यानं मुलगी शाळेपासून लांब राहिली होती, तोच विळा त्यांनी पाटी-पुस्तकाच्या शेजारी आणून ठेवला.

सुट्टीत मुली घरी गेल्या की गावाला फरक दिसे. पोर कामाला मागं हटत नाही, उलट नेटकं करते आणि वर चिठ्ठी वाचून दाखवते. हळूहळू विश्वास बसत गेला.

आता यात एक खोच आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इथलं शिक्षण परीक्षा आणि प्रमाणपत्र डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं नव्हतं. सरलाबेन यांना डिग्री घेऊन डोंगर सोडून जाणाऱ्या मुली घडवायच्या नव्हत्या, डोंगरात राहून तो बदलणाऱ्या हव्या होत्या. पण ज्या बापाला वाटतं की आपल्या लेकीनं दहावी-बारावी करून नोकरीला लागावं, या कष्टातून तिची सुटका व्हावी, तो चुकीचा म्हणायचा का? नाहीच. शहरात जायचा रस्ता मुलाला मोकळा आणि मुलीला मात्र गावात राहून सेवा, असं कुणी म्हटलं तर राग येणं साहजिक आहे. सरलाबेन यांच्या बाजूनं एवढंच सांगता येतं की त्यांनी मुलींना जे सांगितलं ते स्वतः आयुष्यभर केलं. आणि तिथून निघालेल्या मुली कुणाच्या हुकमाखाली राहिल्या नाहीत.

शिकलेल्या मुलींनी काय केलं

टिहरीची विमला नौटियाल ही इथली विद्यार्थिनी, पुढं सरलाबेन यांची सहकारी. सुंदरलाल बहुगुणा हे तेव्हा काँग्रेसचे उमदे कार्यकर्ते. त्यांच्याशी लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा विमलाताईंनी अट घातली. पक्षाचं राजकारण सोडायचं आणि खेड्यात राहून लोकांचं काम करायचं, तरच लग्न. बहुगुणांनी मान्य केलं. १९५६ मध्ये लग्न झालं आणि दोघांनी टिहरीतल्या सिल्यारा गावात आश्रम काढला. पुढं चिपको आंदोलनाचं नाव निघालं की जगभर बहुगुणांचा फोटो छापला जायचा. ते त्या वाटेला लागले ते एका शिकलेल्या पोरीच्या अटीमुळं, हे कमी लोकांना माहीत असतं.

राधा भट्ट ही अल्मोडा जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी. १९५१ मध्ये, घरात लग्नाचं बोलणं सुरू व्हायच्या वयात, ती लक्ष्मी आश्रमात आली आणि तिथंच शिक्षिका झाली. १९६६ मध्ये सरलाबेन यांनी आश्रमाची सगळी सूत्रं तिच्या हाती दिली आणि बाजूला झाल्या. वीस वर्षं रक्त आटवून उभी केलेली संस्था पंचविशी-तिशीतल्या, त्याच मातीतल्या मुलीच्या हवाली करून मोकळं होणं किती जणांना जमतं? आपल्याकडं तर संस्थाचालकाची खुर्ची सहसा त्याच्या मुलाकडंच जाते. राधाबेन पुढं सर्व सेवा संघाच्या अध्यक्ष झाल्या. त्याचं मुख्य कार्यालय सेवाग्रामला. म्हणजे वर्ध्याहून गेलेलं बियाणं झाड होऊन वर्ध्याला परत आलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आश्रम सोपवला म्हणून सरलाबेन स्वस्थ बसल्या नाहीत. विनोबांच्या भूदानासाठी त्या बिहारमध्ये फिरल्या. १९७० नंतर जयप्रकाश नारायणांच्या पुढाकारानं चंबळच्या खोऱ्यातल्या डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा त्यांच्या कुटुंबांमध्ये सरलाबेन यांनी काम केलं. सगळ्यांचं लक्ष बंदूक ठेवणाऱ्याकडं होतं, त्याच्या घरातली बाई आणि पोरं कशी जगतायत याकडं कुणाचं नव्हतं. १९४२ मध्ये कुमाऊंत जे केलं, तेच तीस वर्षांनी चंबळमध्ये.

त्याआधी १९६१ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली उत्तराखंड सर्वोदय मंडळ उभं राहिलं होतं. बायकांचं संघटन, दारूबंदी, जंगलावर गावाचा हक्क, जंगलाच्या उत्पन्नावर गावातच छोटे उद्योग, अशी कामं ठरली. साठच्या दशकात डोंगरात दारूच्या दुकानांविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या. मोर्चात कधी न गेलेल्या बायका भट्टीसमोर ठिय्या देऊन बसल्या. १९७३ मध्ये चमोली जिल्ह्यातल्या मंडल गावातून चिपको सुरू झालं. २६ मार्च १९७४ ला रेणी गावात गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडं तोडायला आलेल्यांना परत पाठवलं, कारण त्या दिवशी पुरुष गावात नव्हते. गौरादेवी काही लक्ष्मी आश्रमात शिकलेल्या नव्हत्या. सगळं श्रेय एका शाळेला देणं बरोबर होणार नाही. पण डोंगरातली बाई सभेत उठून बोलू शकते, ठेकेदाराला अडवू शकते, ही हवा तयार करण्यात सरलाबेन आणि त्यांच्या मुलींनी दहा-पंधरा वर्षं आधीपासून चपला झिजवल्या होत्या.

१९७५ मध्ये त्या पिथौरागड जिल्ह्यातल्या धरमघर इथं एका छोट्या घरात राहायला गेल्या. तिथं लिहीत राहिल्या. व्यावहारिक वेदांत हे हिंदीतलं आत्मचरित्र, संरक्षण या विनाश हे पर्यावरणावरचं पुस्तक, शिवाय इतर लहानमोठी धरून वीसेक पुस्तकं. लंडनची बाई, पण बरंचसं हिंदीत लिहिलं, म्हणजे ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना वाचता यावं. जमनालाल बजाज पुरस्कारही मिळाला. ज्या बजाजांनी गांधीजींना वर्ध्याला आणलं, त्यांच्याच नावाचा.

१९८० मध्ये लक्ष्मी आश्रमात बसंती नावाची एक तरुण बाई आली. बाराव्या वर्षी लग्न, लगेच वैधव्य, सासरी जागा नाही. सरलाबेन तेव्हा आश्रमात नव्हत्या, धरमघरला होत्या. तरी दार उघडंच होतं. बसंती तिथं शिकली, बालवाड्या चालवल्या. पुढं कोसी नदी आटत चालली तेव्हा गावोगावच्या बायकांना जमवून तिनं ओलं जंगल तोडायचं थांबवलं. जी झाडं आपण तोडतो त्यांच्याच मुळाशी आपलं पाणी आहे, हे तिनं बायकांना पटवलं. २०२२ मध्ये बसंतीदेवींना पद्मश्री मिळाली.

जुलै १९८२ मध्ये धरमघरला सरलाबेन वारल्या. वय एक्क्याऐंशी. त्यांना कौसानीला आणलं आणि लक्ष्मी आश्रमाच्या आवारात हिंदू रीतीनं अग्नी दिला. शाळा तेव्हा सुरू होती, आजही आहे. मुली अजूनही गाई सांभाळतात, गवत आणतात आणि पुस्तकं उघडून बसतात.